मंडळीच्या वहीतील पूर्वज

इंग्लंडातील एखाद्या घराण्याचा पूर्ववृत्तान्त शोधू पाहणाऱ्याची पावले प्रथम गावच्या पॅरिश चर्चकडे वळतात. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम सोडला, आणि तेव्हापासून त्या देशातील बहुतेक सामान्य माणसांच्या अस्तित्वाचा पहिला लेखी पुरावा म्हणजे जन्मानंतर थोड्याच दिवसांत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याची त्या वहीतील एक ओळ, हाच प्रघात पडला. परंतु ज्याचा पूर्वज बॅप्टिस्ट पंथाचा पाळक होता, त्याला ही ओळ पुष्कळदा सापडतच नाही. गाव ठाऊक असते, आडनाव ठाऊक असते, वर्षाचा अदमासही असतो. तरीही नोंदवहीची पाने उलटून उलटून संशोधकाचे हात रिकामे राहतात. हे दप्तर गहाळ झालेले नसते, की कारकुनाचा हलगर्जीपणाही त्याला कारण नसतो. ज्यांच्या श्रद्धेनेच त्या ओळीला नकार दिला होता, अशा लोकांचे ते दप्तर आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो एकदा ध्यानात आला, म्हणजे शोधाची सारी दिशाच पालटते.

बॅप्टिस्टांचे मूळ मत असे की, बाप्तिस्मा हा समजत्या वयात आलेल्या आणि आपल्या मुखाने श्रद्धेची कबुली देणाऱ्या माणसालाच द्यावयाचा. पाळण्यातील मुलाला त्याच्या संमतीवाचून ख्रिस्ती करण्यास शास्त्राधार नाही. इंग्लंडातून परागंदा होऊन अॅमस्टरडॅमला राहिलेल्या जॉन स्मिथ याने १६०९ च्या सुमारास या मताची पहिली इंग्रज मंडळी स्थापिली, आणि त्याचा सहकारी टॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास मायदेशी परतून लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात त्याच मताची मंडळी चालवू लागला. पुढे या पंथाच्या दोन शाखा झाल्या. ख्रिस्ताचा प्राणत्याग सर्व मानवांसाठी आहे असे मानणारे ते जनरल बॅप्टिस्ट, आणि तो ईश्वराने निवडलेल्यांसाठीच आहे असे मानणारे ते पर्टिक्युलर बॅप्टिस्ट. या दोन शाखांची १८९१ पर्यंत संघटना वेगळी, निधी वेगळे आणि छापील वृत्तान्तही वेगळे असल्यामुळे आपला पूर्वज कोणत्या शाखेचा होता हे आधी ठरविल्याखेरीज एकही दप्तर उघडण्यात अर्थ नसतो.

धर्ममत आणि दप्तर यांचा हा संबंध किती निकटचा आहे, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासाला अगदी लागून आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे निघालेल्या तरुण मिशनऱ्यांत अॅडोनिराम जडसन, ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे होते. सर्व काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे बालकांस बाप्तिस्मा देणारे. समुद्रप्रवासात ग्रीक नव्या कराराचे मनन करता करता जडसन याचे मत पालटले, आणि कलकत्त्यास पोहोचल्यावर ६ सप्टेंबर १८१२ रोजी त्याने प्रौढ वयाचा बाप्तिस्मा घेतला. राइस यानेही नोव्हेंबरात त्याचेच अनुकरण केले. हॉल आणि नॉट आपल्या मतावर कायम राहिले, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि त्यांच्याकडून अमेरिकन मराठी मिशनची स्थापना झाली. म्हणून मुंबई-अहमदनगरकडील त्या मिशनच्या जुन्या नोंदवह्यांत ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे आढळतात, आणि जडसन याने ब्रह्मदेशात उभारलेल्या मंडळ्यांत ते आढळत नाहीत. एकाच वर्षी, एकाच कामगिरीवर निघालेल्या मित्रांच्या हातून दोन निराळ्या स्वरूपाची दप्तरे निर्माण झाली, ती एका मतभेदामुळे.

जन्माची ती रिकामी जागा भरून काढण्याचा यत्न बॅप्टिस्टांनी स्वतःही केला. वारसाहक्काच्या कज्जात वय आणि औरसपणा सिद्ध करावयाचा तर दाखला हवा, आणि सरकारदरबारी दाखला म्हणून पॅरिशच्या वहीचाच मान. ही अडचण ओळखून लंडनच्या प्रेस्बिटेरियन, इंडिपेंडंट आणि बॅप्टिस्ट या तीन पंथांच्या प्रतिनिधींनी १७४२ साली डॉक्टर विल्यम्स यांच्या ग्रंथालयात जन्मनोंदीचे एक मध्यवर्ती दप्तर सुरू केले. त्यातील नोंद ही बाप्तिस्म्याची नसून जन्माची असे. कित्येकदा तीत मुलाच्या आईच्या माहेरचे नाव आणि आजोबांचे नावही मिळते, जे पॅरिशच्या वहीत क्वचितच सापडावे. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाल्यावर हे दप्तर बंद झाले. राजमान्य चर्चबाहेरच्या मंडळ्यांकडील नोंदवह्या सरकारने मागवून घेतल्या, आणि १८४० च्या कायद्याने त्यांस न्यायालयात पुराव्याची योग्यता दिली. आज त्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आर-जी ४ या मालिकेत, आणि डॉक्टर विल्यम्स ग्रंथालयाचे दप्तर आर-जी ५ मध्ये आहे.

विवाहाची गोष्ट उलट आहे. १७५४ पासून अमलात आलेल्या हार्डविक यांच्या विवाहकायद्याने क्वेकर आणि यहुदी वगळता सर्वांना राजमान्य चर्चमध्येच लग्न लावणे भाग पाडले, आणि हा निर्बंध १८३७ पर्यंत टिकला. त्यामुळे ज्याने त्या चर्चविरुद्ध आयुष्यभर उपदेश केला, त्या पाळकाच्याही विवाहाची नोंद त्याच चर्चच्या वहीत शोधावी लागते. दफनाची तऱ्हा मिश्र आहे. लंडनच्या पाळकांपैकी पुष्कळांना बनहिल फील्ड्सच्या भूमीत जागा मिळाली, आणि जॉन रिप्पन या पाळकाने तेथील शिळांवरील लेख उतरवून घेण्याचा जो अपार खटाटोप केला, त्यामुळे झिजून गेलेल्या अनेक अक्षरांची नक्कल शिल्लक राहिली.

पण ही सर्व नोंद माणसाच्या देहाची झाली: तो जन्मला, विवाहबद्ध झाला, मातीआड गेला. बॅप्टिस्ट पूर्वजाच्या शोधाचे खरे वैभव निराळ्याच वहीत आहे. तिला मंडळीची वही म्हणावे. प्रत्येक बॅप्टिस्ट मंडळी ही आपल्यापुरती स्वायत्त. तिच्यावर बिशप नाही, वरिष्ठ धर्मसभेचा हुकूम नाही. पाळक नेमावयाचा, सभासद घ्यावयाचा, अपराध्यास बहिष्कृत करावयाचे, तर तो निर्णय सभासदांनीच एकत्र बसून करावयाचा, आणि करावयाचा म्हणजे लिहून ठेवावयाचा. आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे एकाखाली एक मिळतात, परंतु त्या नावाच्या माणसाने काय केले, त्याच्याविषयी लोकांचे मत काय होते, हे तेथे नसते. मंडळीच्या वहीत नेमके तेच असते. कोणी आपल्या अंतःकरणातील ईश्वरी कार्याची कैफियत सभेपुढे सांगितली, कोणाची ती पटली नाही म्हणून त्याला थांबावयास सांगितले, कोण मद्यपानाबद्दल वा कर्ज बुडविल्याबद्दल तंबी पावला, कोणी पश्चात्ताप केल्यावर पुन्हा पंक्तीत घेतला गेला, हे सारे साध्या, बोजड, पण प्रामाणिक भाषेत तेथे नोंदलेले असते. जन्माची ओळ ज्या श्रद्धेने नाकारली, तिनेच माणसाने स्वतः होऊन घेतलेल्या निर्णयाची सबंध पाने दिली; आणि माझ्या मते हा व्यवहार संशोधकाच्या फायद्याचाच झाला आहे.

ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड मंडळीची वही या जातीच्या लेखनाचा उत्कृष्ट नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. एडवर्ड टेरिल या गृहस्थाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, छळाचे दिवस प्रत्यक्ष चालू असताना, ती लिहिली. आणि शिपाई येऊन उपदेशकाला धरून नेतील म्हणून सभागृहात पडदा लावून बोलणाऱ्याला त्याआड कसे ठेवीत, कोतवाल जिन्यावर दिसताच सर्वांनी स्तोत्र गाण्यास कशी सुरुवात करावी असे ठरले होते, हे त्याने तपशीलवार नमूद केले आहे. याच टेरिल याने १६७९ साली पाळकांच्या शिक्षणासाठी आपली मिळकत लावून देणारा दस्तऐवज केला, आणि त्यातूनच पुढे ब्रिस्टलची बॅप्टिस्ट अकादमी उभी राहिली. एखादा पूर्वज तेथे शिकला असल्यास त्याच्या चरित्राला आणखी एक दप्तर जोडले जाते.

छळाच्या काळातील पाळकाला आणखीही एक लेखक लाभलेला असतो, तो म्हणजे त्याचा छळ करणारे सरकार. जॉन बन्यन याचेच पाहा. ३० नोव्हेंबर १६२८ रोजी एल्स्टो गावच्या पॅरिश चर्चमध्ये त्याचा शिशुवयातील बाप्तिस्मा नोंदला गेला; बेडफर्डच्या स्वतंत्र मंडळीच्या वहीत तो पुढे सभासद म्हणून येतो आणि शेवटी सर्वांच्या हात उंचावून दिलेल्या संमतीने पाळक म्हणून. १६६० च्या नोव्हेंबरात पकडला गेल्यावर त्याने भोगलेल्या बारा वर्षांच्या कारावासाचे मूळ जिल्ह्याच्या न्यायाधीशांपुढील खटल्यात आहे; १६७२ च्या मे महिन्यात दुसऱ्या चार्ल्सच्या सवलतीच्या फर्मानानुसार बेडफर्डातील जोसायस रफहेड याच्या घरी उपदेश करण्याचा जो परवाना त्याला मिळाला, तो राजकीय कागदपत्रांत आहे; आणि ती सवलत मागे घेतल्यावर १६७५ च्या मार्चमध्ये निघालेल्या पकडवॉरंटात त्याचा उल्लेख भांडी सांधणारा कारागीर असा आहे. मंडळीच्या लेखी जो बंधू आणि पाळक, तो सरकारच्या लेखी परवान्यावाचून उपदेश करणारा एक भांडीदुरुस्त. पूर्वजाचे चरित्र लिहू पाहणाऱ्याने या दोन्ही कागदांना सारखाच मान दिला पाहिजे. एकाने त्याची योग्यता कळते, दुसऱ्याने त्या योग्यतेची किंमत काय मोजावी लागली ते कळते.

१६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यानंतर तुरुंग टळला, पण कागद टळला नाही. उपदेशकाने जिल्हा न्यायाधीशांच्या त्रैमासिक बैठकीत जाऊन राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची, राजमान्य चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी बहुतेकांवर सही करावयाची (बालबाप्तिस्म्याच्या मुद्द्यापुरती बॅप्टिस्टांना सूट होती), आणि उपासनेच्या जागेची नोंद बिशपकडे अथवा त्याच न्यायाधीशांकडे करून दाखला घ्यावयाचा. हे कागद आज परगण्यांच्या दप्तरखान्यांत आहेत. एखाद्या खेड्यातील धान्याचे कोठार उपासनागृह म्हणून नोंदविताना ज्या पाचसहा जणांनी अर्जावर सह्या केल्या, त्यांत पूर्वजाचे नाव पहिल्यांदा दिसावे, असे पुष्कळदा घडते.

या सर्व साधनांची एकत्र कसोटी लावून पाहण्यास विल्यम कॅरी याच्याइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. आणि मराठी वाचकाला तर तो परकाही नाही. १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी गावी त्याचा जन्म झाला. घरचा धर्म राजमान्य चर्चचा, बाप पुढे त्याच पॅरिशचा कारकून आणि शाळामास्तर. त्यामुळे कॅरीच्या बाबतीत शिशुबाप्तिस्म्याची ओळ आहे. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी त्याचे लग्न लागले. नोंदीखाली त्याची सही आहे, आणि तिला लिहिता येत नसल्यामुळे तिची निशाणी आहे. येथवर कॅरी इतर कोणाही चर्मकारासारखा आहे. खरा कॅरी सुरू होतो तो ५ ऑक्टोबर १७८३ रोजी, जेव्हा नॉर्दॅम्प्टन येथे नेन नदीत जॉन रायलंड याने त्याला बाप्तिस्मा दिला. येथे एक सावधगिरी हवी. त्या काळी नॉर्दॅम्प्टनच्या त्या एकाच मंडळीत जॉन रायलंड नावाचे दोन पाळक होते, बाप आणि मुलगा, आणि कॅरीला बाप्तिस्मा देणारा तो मुलगा. बॅप्टिस्ट पाळकांची घराणी असत आणि नावे पिढ्यान् पिढ्या तीच ठेवीत. केवळ नाव जुळले म्हणून इसम जुळला असे मानणाऱ्याने कित्येक वंशवृक्षांवर परक्यांच्या फांद्या जोडल्या आहेत.

पुढचा कागद ओल्नी मंडळीच्या वहीतला, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोल्टन येथे शाळा चालवून जोडे शिवणाऱ्या या तरुणाने १७८५ च्या उन्हाळ्यात ओल्नीच्या मंडळीकडे अर्ज केला, की आपल्याला सभासद करून घ्यावे आणि उपदेशकार्यासाठी रीतसर पाठवावे. मंडळीने त्याला सभासद करून घेतले. पण त्याने सर्वांसमोर केलेले प्रवचन ऐकून उपदेशक म्हणून पाठविण्याचा निर्णय तिने लांबणीवर टाकला आणि त्याला आणखी सराव करून पुन्हा परीक्षेस येण्यास सांगितले. १० ऑगस्ट १७८६ रोजी मात्र एकमताने त्याची निवड झाली. ज्याच्या नावाने पुढे जगभर संस्था उभारल्या गेल्या, त्याला एका लहानशा बाजारपेठेतील साध्या माणसांनी सुमारे वर्षभर थांबविले होते, ही गोष्ट गौरवग्रंथांत ओझरती येते. मंडळीच्या वहीत ती तारखेनिशी आहे, आणि त्या माणसांना आपण कोणाला थांबवीत आहोत याची कल्पना नव्हती म्हणूनच ती विश्वसनीय आहे.

१७८७ मध्ये मोल्टनच्या मंडळीने त्याला पाळकपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी त्याच्या हातून डॉरोथीचाही बाप्तिस्मा झाला. मोल्टनच्या वहीत १७८९ च्या एप्रिलात नोंद येते की, चरितार्थाच्या ओढाताणीत असलेल्या पाळकाला लेस्टरच्या मंडळीकडून बोलावणे आले आहे. पाळकाचे दारिद्र्य हा या वह्यांचा नित्याचा विषय. म्हणून १७१७ साली लंडनात स्थापन झालेल्या पर्टिक्युलर बॅप्टिस्ट निधीच्या हिशेबांतही पूर्वजाचे नाव अवश्य पाहावे, कारण खेड्यातील पाळकांना त्या निधीतून सालाबाद मदत जात असे. लेस्टरला कॅरीला एक भांडखोर मंडळी मिळाली. सभासदांच्या वर्तनाने कंटाळून १७९० साली त्याने ती सबंध मंडळीच विसर्जित केली आणि नव्या करारनाम्यावर जे सही करतील त्यांनाच सभासद मानून ती नव्याने उभी केली. अशा ठिकाणी सभासदांच्या यादीतून एखादे नाव एकाएकी नाहीसे झाले, तर तो माणूस वारला असे समजू नये. त्याने सही करण्याचे नाकारले असेल.

नावे नाहीशी होण्याचे दुसरे कारण म्हणजे बदलीचे पत्र. एका मंडळीचा सभासद दुसऱ्या गावी गेला की जुनी मंडळी त्याच्या वर्तनाची ग्वाही देणारे पत्र नव्या मंडळीला लिही, आणि ते पोहोचेपर्यंत तो जुन्या यादीवरच राही. ही पत्रे म्हणजे स्थलांतराचा सलग माग होय. कॅरी मिशनरी म्हणून १३ जून १७९३ रोजी जहाजाने निघून नोव्हेंबरात बंगालमध्ये पोहोचला. उत्तर बंगालातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर राहत असता त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी चार युरोपीय सभासदांची चिमुकली मंडळी स्थापन केली, आणि तिच्यात जाण्यासाठी त्याने लेस्टरकडे बदलीचे पत्र मागितले. १७९५ साली लेस्टरच्या मंडळीने ते दिले. पाळक देश सोडून दोन वर्षे झाली होती, मध्ये अर्ध्या जगाचा समुद्र होता, तरी रीत चुकली नाही. ही रीत ज्याला ठाऊक आहे, तो पूर्वजाला बोटीच्या प्रवासीयादीत धुंडाळण्यापूर्वी मंडळीच्या वहीतील बदलीचे रकाने पाहतो.

कॅरीचा मुलगा फीलिक्स हा जन्माने बॅप्टिस्ट घरातील मुलाचे उत्तम उदाहरण आहे. १७८५ मध्ये तो इंग्लंडात जन्मला, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला तो २८ डिसेंबर १८०० रोजी श्रीरामपूर येथे हुगळीच्या पात्रात, बापाच्या हातून, कृष्ण पाल या बंगाली सुताराच्या बरोबरीने. जन्म आणि बाप्तिस्मा यांमध्ये पंधरा वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर. जो संशोधक फीलिक्सला नॉर्दॅम्प्टनशायरच्या बाप्तिस्म्यांत शोधील, त्याला तो कसा मिळावा?

छापील साधनांचाही विचार थोडक्यात केला पाहिजे. रिप्पन याचे वार्षिक वृत्तपुस्तक १७९० पासून १८०२ पर्यंत निघाले आणि त्यात परगणावार मंडळ्यांच्या व पाळकांच्या याद्या आहेत. १८०९ पासूनच्या बॅप्टिस्ट मॅगझिनात मृत्युलेख आहेत. प्रादेशिक संघांच्या वार्षिक परिपत्रकांत मंडळीवार किती बाप्तिस्मे झाले, किती वारले, किती बहिष्कृत झाले, त्यांचे तक्ते आहेत. मृत्युलेख हे मात्र हात राखूनच वाचावेत. ते शोकाकुल मित्रांनी लिहिलेले असतात. त्यांत मरणसमयीची धन्य वचने सविस्तर आणि मंडळीशी झालेला कलह एका विशेषणात आटोपलेला. डॉरोथी कॅरी हिचे दुखणे, हिंदुस्थानात मुलगा गमावल्यावर तिच्या बुद्धीला झालेला भ्रंश आणि १८०७ साली तिचा मृत्यू, यांना जुन्या चरित्रकारांनी दिलेली जागा पाहिली म्हणजे पाळकांच्या पत्नींचा शोध छापील पुस्तकांवर का सोपवू नये, हे पटते. मंडळीच्या यादीत तरी स्त्री ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कबुलीने दाखल झालेली असते.

कालगणनेचाही एक पेच आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्षारंभ २५ मार्चला होई, म्हणून त्या काळच्या वहीत फेब्रुवारीतील नोंदीला जे साल लिहिलेले असते ते आजच्या हिशेबाने एकाने कमी असते. आणि सतराव्या शतकातील कित्येक मंडळ्या रोमन देवतांची नावे टाळण्यासाठी महिन्यांना केवळ क्रमांक देत, तोही मार्चपासून मोजून. तेव्हा दहावा महिना म्हणजे डिसेंबर.

वह्या कोठे आहेत, हा शेवटचा प्रश्न. १८३७ नंतर सरकारने मागविल्या त्या जन्मदफनांच्या नोंदवह्या. मंडळीच्या कामकाजाच्या वह्या मंडळ्यांकडेच राहिल्या. त्यांपैकी काही आजही उपासनागृहाच्या कपाटात, काही परगण्याच्या दप्तरखान्यात आणि पुष्कळशा ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातील अँगस ग्रंथालयात आहेत. बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची कागदपत्रेही तेथेच.

आणि पूर्वज हिंदुस्थानात आला असेल, तर त्याचा माग ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात लागतो. कॅरी १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापक झाला. बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही त्याच्याकडे आली. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० मध्ये मोडी टाइपात छापलेला मराठी कोश, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. या कामी ज्यांचे साहाय्य त्याला लाभले, ते कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांची सिंहासन बत्तिशी १८१४ साली आणि हितोपदेश १८१५ साली श्रीरामपुरातच छापून निघाला. मराठी मुद्रित गद्याच्या आरंभाचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच फोर्ट विल्यमच्या कामकाजाबरोबर श्रीरामपूरच्या मिशनचे आणि त्यामागे असलेल्या इंग्लंडातील बॅप्टिस्ट मंडळ्यांचे कागदही चाळावे लागतात. आणि ओल्नी, मोल्टन व लेस्टर येथील वह्यांपैकी एकही त्याने वगळू नये.